देवरावजींनी बोट परत वळवली

देवरावजींची आणि माझी पहिली भेट सौंसरजवळच्या जलाशयाच्या काठावर झाली. मी पांढुर्ण्याची, नोकरी नवी, शाळा पलीकडच्या तीरावर आणि पाण्याची मला भयंकर भीती. ते तिथले नावाडी. मला त्यांच्या बोटीत कठडा घट्ट धरून बसलेली पाहून ते म्हणाले, "मॅडम, पान्याकडं नोका पाहू. समोरच्या निंबाकडं पाहा." पुढची अनेक वर्षे मी त्यांच्याच बोटीने शाळेत गेले. गावातल्या मुलीही सोबत असत.

मग आदेश आला: परवाना नसेल तर प्रवासी न्यायचे नाहीत. बोट काठाला बांधली गेली. शाळेसाठी रस्त्याने मोठा फेरा पडू लागला. दोन मुलींच्या घरच्यांनी त्यांची शाळाच बंद केली. उरलेल्या मुलींबरोबर देवरावजी रोज सकाळी स्वतः चालत येत आणि शाळा सुटेपर्यंत व्हरांड्यात बसून परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास करत. शिक्षण आठवीपर्यंतचे, पेन धरायची सवय सुटलेली. "मॅडम, नापास झालो तं या पोरींचं कसं होईन?" ते विचारत.

लेखी परीक्षा झाली. बोट चालवून दाखवण्याच्या दिवशी परीक्षकांसोबत आम्ही सहा जण बसलो. निम्मे अंतर कापले आणि वारा सुटला. परीक्षक म्हणाले, "पुढे चला." देवरावजींनी बोट परत वळवली.

काठाला लागल्यावर परीक्षकांनी कारण विचारले.

"साहेब, हवा वाढून राहिली. माणसं बसले हायेत. परीक्षा उद्या बी होईन."

परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिले आणि ते निघून गेले. मी चिडून म्हटले, "एवढी मेहनत केली, थोडं पुढे न्यायचं होतं ना!"

ते हळूच म्हणाले, "तुमाले पोहता येत नाही, मॅडम."

निकालाची वाट पाहताना त्यांना जेवण जात नव्हते. अखेर परवाना हातात आला, तेव्हा तो त्यांनी तीनदा माझ्याकडून वाचून घेतला. शाळा सुटलेल्या दोघींपैकी एक परत आली. दुसरीचे लग्न ठरून गेले होते. ती खंत ते अजून बोलून दाखवतात.

आज देवरावजी साठ वर्षांचे होत आहेत. त्यांची नजर आणि हात असेच भक्कम राहोत. त्यांना इतके आयुष्य लाभो, की या मुलींच्या मुलींनाही शाळेत त्यांनीच पोचवावे.