पुलावरचा बिबट्या

"हे कुणी सांगितलंय?"

संगणकावर पान उघडलं की ती वाचायच्या आधी हाताची घडी घालून मागे रेलायची आणि हा प्रश्न टाकायची. बांधावर आलेल्या परक्या माणसाला विचारावा तसा. लिहिणाऱ्याचं नाव सापडलं की लगेच पुढचा, "आन् ह्याला कुणी सांगितलं?"

राहू गावात मी कॉम्प्युटरचा क्लास घेते. ही माझी विद्यार्थिनी वडगाव रासाईहून, भीमेवरचा पूल ओलांडून यायची. घरात आजोबांपर्यंत मेंढ्या होत्या, वडील आता ऊस करतात. बारावी झालेली. जीपमध्ये मैत्रिणीशेजारी दाटीवाटीनं बसून यायची, आणि वर्गातही दोघी एकाच संगणकावर.

इंटरनेटवरची माहिती पारखायची कशी, हे शिकवताना मी सगळ्यांना आपापल्या गावाची माहिती काढायला सांगितली. एका वेबसाईटनं तिचं गाव भीमेवरून उचलून इंद्रायणीकाठी नेऊन ठेवलं होतं. वर्ग हसला. ती भडकली. "मॅडम, ह्यांनी आमची नदीच बदलली! आन् वर लिवलंय, संपूर्ण व अचूक माहिती." तिनं त्यांना तक्रार लिहिली. उत्तर आलं नाही, तेव्हा पुन्हा लिहिली.

एआयचं ॲप दाखवलं, तेव्हा बाकीचे हरखून गेले. तिनं एकच प्रश्न शब्द बदलून दोनदा विचारला. दोन वेगळी उत्तरं आली, दोन्ही ठणकावून दिलेली. "हे आमच्या आप्पांसारखं हाय," ती म्हणाली. आप्पा म्हणजे तिचे चुलते. "ठावं न्हाई म्हणायची लाज वाटती, मग कायबी सांगत्यात." आणि मग जरा थांबून, "पर आप्पा मायाळू हायेत."

इथवर तुम्हालाही हसू आलं असेल. पुढचं आठवलं की मला अजून संताप येतो.

आमच्याकडे उसात बिबटे आहेत. माणसं गेलीत, लेकरं गेलीत. भीती खरी आहे, आणि म्हणूनच खोट्याला इथं लगेच घर मिळतं. तालुक्यातल्या एका बातम्यांच्या पेजनं व्हिडिओ टाकला. भरदिवसा आमच्याच पुलावरून बिबट्या ऐटीत चाललाय. वर मोठ्या अक्षरांत, 'मुलींना घराबाहेर पाठवू नका.' दुसऱ्या दिवशी जीप आली, तर आत नुसते मुलगे.

तिचा फोन आला. आवाज चढलेला. "मॅडम, बिबट्या काय पोरगा-पोरगी बघून धरतो व्हय? माझा भाऊ त्याच पुलावरनं आत्ता कॉलेजला गेला!"

रडत बसली नाही. तिनं व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. बिबट्याची सावली एकीकडे पडत होती, कठड्याची दुसरीकडे. आणि कठडा पांढरा होता. दिवाळीच्या आधीच त्याला पिवळा रंग दिला होता. मी शिकवलं होतं तसा तिनं चित्रावरून शोध घेतला, तेव्हा कुणा प्रवाशानं फार पूर्वी टाकलेला पुलाचा तोच फोटो सापडला. बिबट्या नव्हता. तो कुणीतरी घरात बसून, एआयकडून त्यात चालवला होता.

वडिलांनी दोन्ही चित्रं बराच वेळ पाहिली. "चल, मीच सोडतो," एवढंच म्हणाले आणि गाडीला किक मारली.

तिच्या हट्टानं मी तिच्यासोबत त्या पेजवाल्याच्या ऑफिसात गेले. पांढरे कपडे, भिंतीवर सगळ्या पुढाऱ्यांसोबतचे फोटो. तिनं मोबाईल त्याच्यापुढं ठेवला.

"अहो ताई, लोकांना सावध केलं," तो म्हणाला. "व्हिडिओ नसंल खरा. बिबटे तर खरे हायेत ना?"

"मग खरा आल्यावर तुमच्यावर इस्वास कोण ठेवील? खोटा व्हता म्हणून लिवा."

"डिलीट करतो. विषय संपला."

डिलीट केला. पण खोटा होता, ही एक ओळ काही लिहिली नाही. तोवर व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपांत पोचला होता. मग ती वडिलांना घेऊन घरोघर फिरली, मोबाईलवर दोन्ही चित्रं दाखवत. काहींनी मुली पाठवल्या. मैत्रिणीच्या घरी मात्र आईनं तिला चहा दिला आणि सांगितलं, "तुझं खरं असंल, बाई. पर पोरगी घरातच व्हती, पाव्हणं आलं, पसंत पडली. आता बिबट्या खरा का खोटा, काय करायचंय?" मैत्रीण आत भाकरी थापत होती. थापायचा आवाज तेवढा थांबला.

"तुझ्याकडून होतं तेवढं तू केलंस," मी वर्गात म्हणाले.

"माझ्याकडनं व्हायचं न्हवतंच, मॅडम. त्याच्याकडनं एक ओळ व्हायची व्हती."

ती आता पुण्याला शिकते. क्लासमध्ये मुलं पहिलं दिसेल ते पान उघडतात आणि मुकाट्यानं उतरवून घेतात. तिची आठवण आली की मला दिसते ती मैत्रिणीच्या लग्नातली ती.

मांडव भरला होता. माईकवाला पाहुण्यांची नावं पुकारत होता आणि त्यात पेजवाल्याचं नाव आलं. त्याला फेटा बांधला, नारळ दिला. माईक त्याच्या हातात आला तेव्हा ती बायकांतून उठली, अक्षतांची मूठ तशीच घेऊन थेट पुढं गेली.

"दादा, पुलावरचा बिबट्या खोटा व्हता, हे आत्ता हितं सांगा."

तो हसला. "ताई, शुभकार्य हाय," म्हणाला आणि माईक परत दिला. कुणीतरी खूण केली, बँड सुरू झाला. आप्पा तिला बोलवायला आले. ती हलली नाही. शेवटी आप्पाच तिच्या शेजारी उभे राहिले.

स्टेजवर नवरीनं मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि मान वर करून फेटेवाल्याकडं पाहिलं. मग पुढच्या रांगेतल्या बायकांनी पाहिलं. मग मागच्या.