साहेबांच्या काठ्या आणि जाळ्याचा दोरा

आमचे हे गेले तेव्हा मी मिरकरवाड्यावर मासळीबाजारात बांगड्यांसाठी घासाघीस करत उभी होते. रविवार होता. शेजारच्या सुमनकाकी धापा टाकत आल्या, माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाल्या, "बाय, ऱ्हावंदे तो बाजार. घरी चल आदी." यांच्या छातीत दुखतं म्हणून डॉक्टरांनी मुंबईला दाखवून यायला सांगितलं होतं. "एवढा काठ्यांचा सेट पुरा करतो नि जातो," हे यांचं ठरलेलं उत्तर. सेट पुरा झाला नाही, हे मुंबईलाही गेले नाहीत... महिना उलटला तरी त्या उत्तराचा माझा संताप उतरलेला नाही.

रत्नागिरीत गोल्फ कोणी खेळत नाही. आमच्या यांनीही कधी एक चेंडू मारला नाही. मुंबईच्या मैदानावर साहेबलोकांच्या थैल्या खांद्यावर वाहण्यात यांचं तरुणपण गेलं. कॅडी म्हणतात त्या कामाला. मी इथे प्राथमिक शाळेत शिकवत होते, मुलगी वाढवत होते. नवरा गणपतीला आणि शिमग्याला यायचा, तोही दारात पाहुण्यासारखा चपला नीट लावून ठेवायचा. मुलगी लग्न होऊन देवरूखला गेली, यांचा खांदा कामातून गेला, आणि हे कायमचे घरी आले. मी मनात म्हटलं, चला, आता तरी संसार दोघांचा होईल.

लोकांचे नवरे मुंबईहून येताना टू-इन-वन आणतात. यांनी एस.टी.च्या टपावरून गंजक्या काठ्यांची मोळी उतरवली.

"अहो, हे काय?"

"साहेबांचे जुने क्लब, गोल्फच्या काठ्या. घासूनपुसून परत धाडायचे."

झालं! पडवी त्या काठ्यांनी भरली. यांचे जुने सोबती दत्ताराम अजून मुंबईत कॅडी होते. ते सुट्टीवर येताना नवी मोळी आणायचे आणि चकचकीत झालेली घेऊन जायचे. लोखंडी तोंडाच्या काठ्या वेगळ्या, लाकडी डोक्याच्या वेगळ्या. लोखंडाचा गंज काढायला यांना काय सापडावं? माझं कोकमाचं आगळ! एकदा मुलगी आणि जावई आले, सोलकढी करायला बरणी काढली तर बरणी कोरडी. वर्षाचं आगळ बादलीत ओतून त्यात काठ्या तोंड बुडवून उभ्या होत्या. "जावयाला काय घालू? काठ्या?" मी विचारलं. हे शांतपणे एक काठी उचलून म्हणाले, "बघ तरी कशी लखलखलीय ती." नारळाच्या सोडणाने घासून घासून त्या लोखंडात तोंड दिसेल असं करायचे. माझ्या तोंडाकडे बघायला मात्र सवड नव्हती.

एका पावसाळ्यात तर कहर केला. खाऱ्या हवेत लोखंड पुन्हा गंजतं म्हणून होड्यांना फासतात ते माशाचं तेल आणून आख्ख्या सेटला चोपडलं. आमच्या नाकाला त्या वासाची सवय, त्यामुळे आम्हा दोघांनाही काही वाटलं नाही. मुंबईत साहेबाने थैली उघडली, तर मैदानावरची मांजरं त्याच्या पाठोपाठ फिरायला लागली. दत्ताभावजींनी हात जोडून हा प्रकार सांगितला. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण गंज नाय ना आला?"

अशा माणसाशी बोलणार काय? इतक्या वर्षांचं माझ्या पोटात साठलेलं होतं. मुलीची आजारपणं, सासूबाईंचं शेवटचं वर्ष, एकटीने काढलेले सणवार. मला वाटायचं, यांनी कधीतरी "बस जरा" म्हणावं, विचारावं. कसलं काय! मी शाळेतून आले की एकच हाक, "अगो, ये. काठी फिरव."

लाकडी डोकं जिथे दांड्याला मिळतं, तिथे दोरा घट्ट गुंडाळावा लागतो. हे त्यासाठी मिरकरवाड्यावरून जाळ्याचा दोरा आणून त्याला मेण लावायचे. हे दोरा ताणून धरायचे आणि मी समोर पाटावर बसून काठी फिरवायची. वेढ्याला वेढा चिकटला पाहिजे. एक वेढा सैल पडला की सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून. चहा निवायचा, वह्या तपासायच्या राहायच्या. मी काठी फिरवता फिरवता तोंडाचा पट्टा सोडायची. शाळेतलं, शेजारचं, जुनं, नवं, सगळं. हे फक्त म्हणायचे, "हळू फिरव." क्वचित चार दिवसांनी मध्येच विचारायचे, "मग त्या हेडमास्तरान काय केलान?"

परवा दत्ताभावजी उरलेला सेट न्यायला आले. एका काठीचा दोरा तेवढा गुंडाळायचा होता. मी पाट ओढून बसले नि म्हटलं, "थांबा भावजी, मी फिरवते. एकट्याचं काम नाही ते."

भावजी हसले. "वैनी, ह्या एकट्याचाच काम हाय." त्यांनी दोऱ्याचं रीळ पायाखाली दाबलं, दोरा ताणला आणि दोन्ही हातांनी काठी फिरवत फिरवत भराभर वेढे घातले. एकही सैल नाही. "तुमच्या मनोहरनंच शिकवलान मला. मुंबयत तो असाच करायचा. त्याच्याइतका झटपट कोन नाय करीत."

मी पाटावर बसलेली तशीच राहिले. म्हणजे इतकी वर्षं मला रोज समोर बसवून घेतलं, ते... अहो, मग तोंडाने सांगायला काय झालं होतं? "बस जरा माझ्यापाशी," एवढे तीन शब्द या माणसाच्या जिभेला इतके जड व्हावेत? आणि मी वेडी, उठताना रोज म्हणायची, सुटले एकदाची!

भावजी सेट घेऊन गेले. पडवी आता झाडूनपुसून स्वच्छ आहे, जशी मला हवी होती तशी. शाळेतून आले की मी तिथेच जाऊन बसते. सांगण्यासारखं रोज काहीतरी घडतंच. काल हेडमास्तरांनी पुन्हा घोळ घातला. सगळं ओठांवर येतं, आणि "हळू फिरव" म्हणायला समोर कोणी नाही याचा इतका राग येतो, की तो काढायलासुद्धा हेच हवे होते.