हरणं पाणी कुठं पितात?

मंडळी, आज सकाळी एक मुलगी शेतात आली. गळ्यात ओळखपत्र होतं. "काका, मी वन्यप्राण्यांची मोजणी करतेय. इथली हरणं पाणी कुठं पितात?"

मी सरळ खोटं बोललो, "आता हरणं न्हाईत, बाई." ती नंबर देऊन गेली.

बहात्तरच्या दुष्काळात कर्जतच्या याच माळावर खाकीतल्या दोघांनी जीप थांबवून माझ्या वडिलांना हेच विचारलं होतं. सरकारी मोजणी आहे म्हणाले. वडिलांनी विश्वासानं पाणी उरलेला एकमेव डोह दाखवला. दुसऱ्या दिवशी तिथं रक्त आणि जीपच्या चाकांच्या खुणा होत्या. "मीच दाखवलं रं," एवढंच ते म्हणाले.

पण ही मुलगी खरी असेल, तर आमच्या माळावर हरणं नाहीत अशी नोंद होईल. मग त्यांना कोण वाचवणार? करू का तिला फोन?