मामांचे अमेरिकन न्यायमूर्ती

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन न्यायाधीशावर सख्ख्या भावासारखी माया करणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा, हे माझं नशीब. मामा इथे परदेशात, हार्बरफ्रंटच्या बंदरभागात एका जहाज कंपनीत विम्याचे दावे बघायचे. दोन जहाजांच्या टकरीच्या कुठल्याशा जुन्या निकालात त्यांना हे गृहस्थ भेटले. फेडरल न्यायाधीश, पण एका आडबंदरात तीस वर्षं त्याच खुर्चीवर; ना बढती, ना पुतळा. बढती मामांनाही कधी मिळाली नव्हती, त्यामुळे दोघांचं जमलं. निवृत्तीनंतर जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये मामांनी त्यांचं चरित्र लिहायला घेतलं, तेही मराठीत आणि हाताने. न्यायमूर्ती हरणाऱ्याचंही म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेत, म्हणून मामाही हॉकर सेंटरमधल्या खाद्यगाळ्यांसमोर आधी डोशाची बाजू विचारात घेत, मग नूडल्सची. "आजोबा, जस्ट ऑर्डर लाह!" माझी मुलगी कळवळायची. "एकतर्फी निकाल देऊ नये, बाळ," मामा म्हणायचे. तोवर डोसेवाला शटर ओढत असायचा.

अकरा वर्षांनी त्यांनी ते बाड माझ्या हाती दिलं. "डोळे अधू होत चाललेत. पुण्याला लेकीकडे निघालोय, कायमचा. जाण्याआधी एकाने तरी वाचलंय, एवढं कळू दे." घराण्यातला एकमेव साहित्यप्रेमी या नात्याने मी ते छातीशी धरून घरी नेलं आणि कपाटावर ठेवलं. दोन महिने त्यावर धूळ बसली, मी क्रिकेट बघत बसलो.

विमानतळावर मामांनी विचारलं, "वाचलंत, जावईबापू?"

"म्हणजे काय! शेवटच्या प्रकरणाला तर डोळ्यांत पाणी आलं."

मामा म्हणाले, "साक्षीदार प्रेमळ आहे. विश्वासार्ह नाही."

घरी येऊन बाड उघडलं. शेवटच्या प्रकरणाला मथळा होता, 'अखेरचे दिवस'. खाली सगळी पानं कोरी. न्यायमूर्तींच्या अखेरीविषयी मामांना काहीच सापडलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून दर रविवारी पुण्याला फोन लावून मी ते बाड मामांना वाचून दाखवू लागलो. त्यांना आता अक्षर दिसत नाही, पण माझा एक शब्द गाळलेला खपत नाही. गेल्या रविवारी कोऱ्या पानांशी पोचलो आणि थांबलो.

"शेवटचं प्रकरण आलं वाटतं," मामा म्हणाले. "डोळ्यांत पाणी?"

"आलंय, मामा."

आणि ते खरंच आलं होतं.

"साक्ष ग्राह्य," मामा म्हणाले. "आता पुन्हा पहिल्या पानापासून वाचा."