सोळावा माणूस

डॉक्टरमावशींनी कुणाला चांगलं म्हटल्याचं आमच्या गावात कुणाच्या ऐकिवात नव्हतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं ते ट्रॅक्टरच्या कारखान्याचं गाव. मराठी घरं मोजून अकरा. अकराही घरांत मावशी जेवून गेल्या होत्या आणि प्रत्येक घरात त्यांचं एकेक वाक्य मागे राहिलं होतं. आमच्या वास्तुशांतीला त्यांनी तळघरापासून माळ्यापर्यंत घर फिरून पाहिलं आणि म्हणाल्या, "घर वाईट आहे. पण तुझ्या ऐपतीत याहून बरं मिळालं नसतं." माझी बायको आत जाऊन रडली. मावशींनी शिरा दुसऱ्यांदा मागून घेतला आणि साखर जास्त झाल्याचं सांगत तोही संपवला.

त्या पॅथॉलॉजिस्ट होत्या. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर बसून तीस वर्षं त्यांनी माणसांच्या शरीराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि दिसलं ते लिहिलं. "वर पेशंट रडतोय की हसतोय, ते मला दिसत नाही. म्हणून माझा रिपोर्ट खरा असतो," असं त्या म्हणायच्या. निवृत्त झाल्या, यजमान गेले, मूलबाळ नव्हतं. रिपोर्ट द्यायची सवय तेवढी राहिली. लहान मुलांना मात्र त्या कधी लागेल असं बोलत नसत. माझी मुलगी त्यांना इंग्रजीत तासन् तास वाटेल ते विचारायची आणि त्या तिला न कंटाळता उत्तरं द्यायच्या.

त्यांना खरं तर मुलांची डॉक्टर व्हायचं होतं. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही भाजीची पिशवी मांडीवर घेऊन, गाडीत. एकाहत्तर साली त्या इथे आल्या तेव्हा मुलाखत घेणारा वरिष्ठ डॉक्टर फार सज्जन होता. त्याने त्यांना कॉफी दिली, त्यांच्या मार्कांचं कौतुक केलं आणि म्हणाला, "मला तुम्ही पसंत आहात. पण इथल्या आया तुमच्याकडे मुलं आणणार नाहीत." मावशी म्हणाल्या, "शिवी दिली असती तर भांडले असते रे. पण तो तर माझ्या बाजूचा होता!" मी हळहळलो. त्या म्हणाल्या, "समोर बघून चालव."

आमच्या मंडळाच्या अध्यक्षाची निवड दर दिवाळीनंतर व्हायची. एका वर्षी दोन नावं होती. एक सगळ्यांशी गोड बोलणारा, अर्थात कुणाच्याच उपयोगी न पडणारा. दुसरा अबोल; गणपतीच्या खुर्च्या लावायला पहिला येणारा आणि उचलून ठेवायला शेवटपर्यंत थांबणारा. सगळ्यांनी अबोल माणसाची भरपूर स्तुती केली आणि मतं गोड माणसाला दिली. अबोलाला एकच मत पडलं. "ते माझं," मावशी भर सभेत म्हणाल्या, "म्हणजे ह्याने स्वतःलासुद्धा दिलं नाही. असल्यालाच अध्यक्ष करायचं असतं, बावळटांनो." बावळटांत मीही होतो.

माझ्यावर मात्र त्यांनी मेहनत घेतली. का घेतली, ते मला अजून कळलेलं नाही. दोन हजार तीन साली माझी नागरिकत्वाची मुलाखत होती. माझं इंग्रजी कागदावर ठीक होतं, पण गोऱ्या माणसासमोर तोंड उघडायची वेळ आली की मी मिठाची गुळणी धरल्यासारखा उभा राहायचो. मावशींनी दर रविवारी मला आपल्या घरी बोलावलं. त्या स्वयंपाकघरात भाजी चिरत बसायच्या आणि मला दिवाणखान्याच्या पार टोकाला उभं करून प्रश्न विचारायच्या. "मोठ्याने! शेवटच्या बाकावर ऐकू गेलं पाहिजे!" असं दोन महिने चाललं. शपथविधीला त्या शेजारी बसल्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "झालास नागरिक. आता 'लोक काय म्हणतील' हे विचारणं बंद. लोक म्हणजे तूच."

त्याच वर्षी आमच्याकडे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार फिरू लागले. पक्षाने कुणाला उभं करायचं, याचा पहिला कौल आयोवाचा, त्यामुळे ती मोठी माणसं इथे अक्षरशः घराघरांत येतात. मावशींच्या घरीही एक आला. त्याचं नाव आज कुणाला आठवायचं नाही. इराकच्या युद्धाला त्याने पहिल्या दिवसापासून विरोध केला होता, सगळे मान डोलवत होते तेव्हा. त्याने दारात बूट काढले, साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि विचारलेल्या प्रश्नांची सरळ उत्तरं दिली. अकरा घरांतून आम्ही चौघंच गेलो होतो. निघताना मावशी त्याला म्हणाल्या, "तुम्ही निवडून येणार नाही. हे मला माहीत आहे, हे तुम्हाला माहीत असावं. मी तुमच्याच बाजूने उभी राहणार आहे." तो हसला. मावशी हसल्या नाहीत.

मलाही तो आवडला. फार आवडला. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

तो सगळा हिवाळा मी त्यांचा ड्रायव्हर होतो. बर्फात त्यांना गाडी झेपत नसे. शनिवार-रविवार आम्ही दारोदार जायचो. त्या घंटा वाजवायच्या, "मी डॉक्टर आहे, फार वेळ घेणार नाही," म्हणायच्या आणि चांगला अर्धा तास घ्यायच्या. मी हळूच म्हणायचो, "मावशी, पण तो जिंकणार नाही ना?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "नोव्हेंबरात खऱ्या निवडणुकीला नाइलाज असतो, तेव्हा असेल त्यातला बरा घ्यायचा. आत्ता पसंती विचारतायत. पसंती विचारल्यावर नाइलाज सांगणारा माणूस मूर्ख." त्यांच्या वहीत देवनागरीत नावं वाढत गेली. जानेवारी उजाडेपर्यंत चौदा गोरी नावं झाली होती, पंधरावं त्यांचं स्वतःचं आणि सोळावं माझं होतं.

आमच्याकडे हे मत पेटीत टाकायचं नसतं. संध्याकाळी वस्तीतली माणसं शाळेच्या व्यायामशाळेत जमतात आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात सगळ्यांदेखत उभी राहतात. हजर माणसांच्या साधारण पंधरा टक्के माणसं कोपऱ्यात नसतील तर तो गट बाद. मग अर्ध्या तासात दुसरी माणसं वळवून आणा, नाहीतर दुसऱ्या कोपऱ्यात जा. मावशींना त्या व्यायामशाळेतून आपल्या माणसाच्या नावापुढे एक आकडा वर पाठवायचा होता. त्याने काही होणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी तो आकडा जायला हवा होता.

त्या संध्याकाळी मी त्यांना गाडीतून नेलं. डिसेंबरभर ऑफिसात सगळे एकच बोलत होते. आमचा गोड अध्यक्षही फोनवर म्हणाला होता, "यार, ह्या वेळी हरणं परवडणार नाही. निवडून येईल असा बघ." आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा इराकमध्ये होता; तो सुखरूप परतावा म्हणून त्यांनी अंगणातल्या झाडाला बांधलेली पिवळी फीत मला रोज दिसायची. जो जिंकेल तोच हे थांबवेल, असं मी स्वतःला पटवलं होतं. ते चूक होतं, असं आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण मावशींना हे मी आधी सांगितलं नाही. वीस मिनिटांच्या रस्त्यात रस्त्यावरच्या बर्फाबद्दल बोलत राहिलो.

हजेरी एकशे सहा झाली. गट टिकायला सोळा हवीत, असं अध्यक्षस्थानी बसलेल्या शाळेतल्या बाईंनी जाहीर केलं. मावशी बास्केटबॉलच्या जाळीखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांची माणसं भोवती जमली. मी समोरच्या मोठ्या घोळक्यात शिरलो. त्यांनी स्वतःला धरून मोजलं. पंधरा. पुन्हा मोजलं. मग मान वर करून त्यांनी व्यायामशाळाभर नजर फिरवली आणि मी सापडलो.

त्या माझ्यापर्यंत चालत आल्या. मी घाईघाईने मराठीत सुरू केलं, "मावशी, ऐका ना, मला तो आवडतो हो, पण..."

"मराठीत नको," त्या म्हणाल्या. "ही घरातली गोष्ट नाही. सगळ्यांना कळेल असं सांग. मोठ्याने. शेवटच्या बाकावर ऐकू गेलं पाहिजे."

मी सांगितलं. "आय लाइक हिम. आय रिअली डू. बट पीपल वोन्ट इलेक्ट हिम." एकही शब्द अडखळला नाही. वाक्य तोंडातून गेल्यावर मला तो कॉफी देणारा सज्जन डॉक्टर आठवला, पण तोवर ते शेवटच्या बाकापर्यंत पोचलं होतं. मावशींच्या गटातला एक शेतकरी मान हलवत म्हणाला, "ही हॅज अ पॉइंट," आणि चालत आमच्याकडे आला. त्याच्यामागून एक नवराबायको आले. मग दोन कॉलेजच्या मुली. दहा मिनिटांत जाळीखाली मावशी एकट्या उरल्या. ज्यांच्या दारात त्या बर्फात अर्धा अर्धा तास उभ्या राहिल्या होत्या, ती सगळी माणसं माझ्या एका वाक्याने उठून आली होती. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली.

बाईंनी मावशींना विचारलं, "तुम्ही कुठे जाणार?" मावशी म्हणाल्या, "मी आलेच आहे." "मग तुम्हाला मोजता येणार नाही." "नका मोजू." शेवटची मोजणी होईपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या. आमच्या घोळक्याने पुढच्या सभेसाठी प्रतिनिधी निवडले, त्यात माझं नाव होतं. मी छान बोलतो, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी नको म्हणालो नाही.

परतीच्या वाटेवर त्या एकदा म्हणाल्या, "हीटर वाढव." त्यांच्या दारात गाडी थांबवली तेव्हा पट्टा सोडत म्हणाल्या, "तुझं इंग्रजी आता चांगलं झालंय." आयुष्यात त्यांनी केलेली तेवढीच स्तुती मी ऐकली.

बोलणं त्यांनी तोडलं नाही. तोडलं असतं तर बरं झालं असतं. भाजीला, दवाखान्यात मीच त्यांना न्यायचो, पण त्या दिवसापासून त्या मागच्या सीटवर बसू लागल्या. "पाय लांब करता येतात," म्हणाल्या. नोव्हेंबरात आमचा जिंकण्यासारखा माणूस हरला. सकाळी सातला फोन वाजला. "आवडीचाही गेला आणि निवडून येणाराही गेला," मावशी म्हणाल्या. "आज दही आणायला जायचंय. दहाला ये." मी चिडून म्हणालो, "तुमचा असता तर याहून वाईट हरला असता!" "असता की," त्या म्हणाल्या. "मी कधी नाही म्हटलं?"

पुढची फेरी दोन हजार आठच्या जानेवारीत आली तेव्हा मावशी कंबरेचं हाड मोडून नर्सिंग होममध्ये पडल्या होत्या. आमच्या पद्धतीत स्वतः हजर राहावं लागतं. अंथरुणावरून पसंती कळवायची सोय नाही. त्या वर्षी मला एक उमेदवार मनापासून आवडला होता. त्याच्याबद्दल सगळे म्हणत, "मला आवडतो हो, पण देश तयार नाही." हे वाक्य मी ओळखत होतो. मावशींच्या उशाशी मात्र एका दुसऱ्याच, कुणी न विचारणाऱ्या माणसाचं पत्रक होतं. मी त्यांना काही विचारलं नाही. मनात ठरवून टाकलं की चार वर्षांपूर्वीचं आता फेडायचं.

त्याच व्यायामशाळेत, त्याच जाळीखाली, त्या पत्रकातल्या माणसासाठी मी उभा राहिलो. आम्ही सातजण होतो. हवे होते त्याच्या कितीतरी पट. सहाजण निघून गेले. मी गेलो नाही. "मोजू नका," मी बाईंना म्हणालो. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. मला आवडलेला उमेदवार त्या रात्री समोरच्या कोपऱ्यात, माझ्यावाचून, सगळ्यांना मागे टाकून जिंकला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी मावशींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"जिंकला तो तुला कसा वाटतो?" त्यांनी विचारलं.

"आवडतो," मी म्हणालो. "खरं तर मला तोच हवा होता."

"मलाही तोच हवा होता," मावशी म्हणाल्या. "मग तू तिकडे काय करत होतास?"

"तुमच्यासाठी उभा होतो, मावशी. ते पत्रक..."

"ते नर्सने आणून टाकलंय. मी त्यावर कवळी ठेवते." त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोपल्या. "माझ्या जन्मात पहिल्यांदा माझा माणूस जिंकला, आणि मी अशी पडलेय. तुझे पाय धड होते. गेल्या वेळी लोकांसाठी एकाला सोडलंस, ह्या वेळी माझ्यासाठी दुसऱ्याला. तुला स्वतःला कधी विचारणार आहेस, सुहास?"

मी त्यांचं पांघरूण नीट करू लागलो. "खिडकी लाव," म्हणाल्या, "गार येतंय."

एप्रिलमध्ये त्या गेल्या. अकरा घरांतली सगळी माणसं आली होती. गोड अध्यक्षाने भाषण केलं आणि मावशी फार प्रेमळ होत्या, असं सांगितलं. अबोल माणूस खुर्च्या उचलून ठेवत होता. मला रडू आलं, ते त्या खुर्च्या पाहून.

नोव्हेंबरात तो जानेवारीत जिंकलेला उमेदवार राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी फोनजवळ उगाच थांबलो होतो. मग मुलीला शाळेत सोडायला निघालो. ती आता मोठी झाली होती आणि आनंदाने नुसती नाचत होती. शाळेच्या दारात तिच्या मैत्रिणी उभ्या होत्या. त्यांच्यासमोर तिने मला विचारलं, "बाबा, यू स्टुड फॉर हिम इन जॅन्युअरी, राइट?"

"ऑफ कोर्स," मी म्हणालो. मोठ्याने, स्वच्छ, शेवटच्या बाकावर ऐकू जाईल असं. माझं इंग्रजी आता खरंच चांगलं झालं आहे.