भावजींची इंग्रजी टोकं

दोर मधेच उसवत होता. त्याच्याखाली लोखंडी पाटीत मी आणि माझी धाकटी जाऊ शांता एकमेकींना धरून लोंबकळत होतो. आमच्याखाली नुसता काळा खडक. आणि वरून माझे दीर, म्हणजे शांताचा नवरा, ओरडून सांगत होते, “वहिनी, भिऊ नका! एंड एकदम ओक्के हाय!” असा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा झाला नाही. एका परीनं बरंच झालं. दोन असते तर मी आज हे लिहायला उरले नसते.

भावजींना इंग्रजी यायचं, पण ते फक्त वस्तूंच्या टोकांचं. वस्तू जिथं संपते तिथून त्यांचं इंग्रजी सुरू व्हायचं. ऐन जवानीत ते कालव्याच्या मोजणीवर खलाशी होते, म्हणजे जहाजावरचे नव्हे, टेप धरणारे. साहेब टेपाचा डबा घेऊन बाभळीच्या सावलीत उभे राहायचे आणि टेपाचं दुसरं टोक धरून भावजी उन्हात. साहेब तिकडून जे ओरडतील तेवढंच इंग्रजी कानावर पडायचं, आणि साहेब ओरडायचे ते टोकांबद्दलच. बांधाचा माथा म्हणजे टॉप, पायथा म्हणजे टो, काठ म्हणजे एज, कोपरा म्हणजे कॉर्नर, कालव्याचा शेवट म्हणजे टेल. पुढं मोजणी बंद पडली, साहेबांची बदली झाली, भावजी घरी बसले. नोकरी गेली, शब्द तेवढे राहिले. मग लुगड्याच्या काठाला बॉर्डर, नांगराच्या फाळाला टिप, गाडीच्या चाकाला रिम. म्हशीच्या शेपटीला गोचीड झाले तरी “टेलला गोचीड झालेत” म्हणायचे. शांता म्हणायची, “शेपूट म्हणा की! म्हशीला काय साहेब तपासायला येणार हायेत?” मी चौथी शिकलेली बाई, मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण ऐकून ऐकून मीही एकदा बाजारात भांडेवाल्याला “रिम चेपलीय” म्हणाले आणि घागर स्वस्तात आणली.

नुसते शब्द असते तर चाललं असतं. माणूसच टोकाला राहायचा. नेकनूरच्या बाजाराला जाताना एस.टी.त पुढं जागा रिकामी असली तरी शेवटच्या बाकावर बसून हाडं खिळखिळी करून घ्यायचे. पंगतीत शेवटचं पान त्यांचं. झोपायचे ते अंथरुणाच्या अशा कडेला, की निम्मी रात्र जमिनीवर. भाकरी गोल गोल कडेकडेनं खायचे आणि मधला रुपयाएवढा तुकडा ताटात ठेवून उठायचे. “मधी काय इख घातलंय का मी?” शांता विचारायची. मधल्याबद्दल त्यांना बोलताच यायचं नाही. आमच्या घराची मागची भिंत त्यांनी मोठ्या हौसेनं आखून दिली. दोन्ही कोपऱ्यांना खुंट्या अशा ठोकल्या की गवंड्यानं नाव घ्यावं. भिंत उभी राहिली तेव्हा मधे तिला नवव्या महिन्याचं पोट आलेलं. मी कपाळावर हात मारला, तर हे म्हणतात, “कॉर्नर बघा वहिनी, कॉर्नर!”

मोठा दुष्काळ पडला तेव्हा आमच्या वस्तीतल्या आठ-दहा घरांनी मिळून सामुदायिक विहिरीची सोसायटी केली. चेअरमन निवडला, वर्गणी काढली, आणि जुनी विहीर खोल करायला घेतली. खडक फोडायला गडी, तो पाटीत भरायला बाया, आणि पाटी वर ओढायला यारी. यारी म्हणजे विहिरीच्या तोंडावर उभा केलेला सांगाडा, त्याला चाक, चाकावरून दोर. मोजणीवर काम केलेला माणूस म्हणून दोराची जोखीम भावजींवर सोपवली. सभेतसुद्धा ते उंबऱ्यापाशी बसलेले. चेअरमन म्हणाला, “काय बे, मधी कावून बसत न्हाईस?” भावजी म्हणाले, “मधी समदेच बसतेत. कडंला कुणीतरी लागतंय की.”

रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी ते दोर तपासायचे. पाटीकडची गाठ ओढून बघायची, यारीकडची गाठ ओढून बघायची, दोन्हीकडं गोडं तेल चोळायचं, लाल चिंधी बांधायची. पूजा केल्यासारखं. मधला दोर मात्र वेटोळं करून पडलेला असायचा. तो रोज वर-खाली होताना खडकाच्या कपारीला घासत होता, हे कुणी पाहिलं नाही.

त्या दिवशी दुपारी सुरुंग लावायचा होता, म्हणून सगळे वर निघाले. यारी फिरवायला गडी हवेत, म्हणून ते आधी गेले. शेवटी आम्ही दोघी राहिलो. शांताला तिसरा महिना होता. अर्ध्या वाटेवर आलो आणि वर कुणीतरी बोंबललं, “दोर गेला बे!” यारी थांबली. भावजी धावले, वरची गाठ बघितली, वाकून खालची बघितली आणि एंड ओक्के असल्याचं आम्हाला कळवलं. तेव्हा शांता पाटीतून अशी कडाडली की विहीर घुमली, “आवो, एंड घाला चुलीत! मधी बघा, मधी!”

भावजींनी मधे बघितलं. विहिरीवरच्या फळीवर त्यांनी पालथं अंग टाकलं, उसवल्या जागेच्या खाली हात घालून दोर धरला आणि मनगटाला वेढा मारला. चेअरमन त्यांच्या पायांवर बसला. वरचा दोर तटकन तुटला तेव्हा आमचा सगळा भार त्यांच्या हातांवर आला. पाटी हातभर खाली गेली, आणि थांबली. गड्यांनी दुसरा दोर आणून खाली गाठ मारेपर्यंत ती तशीच थांबली. दोराच्या आणि फळीच्या मधे त्यांचं बोट सापडलेलं आम्हाला वर आल्यावर दिसलं.

बीडच्या दवाखान्यात मी बघायला गेले, तर हात बांधलेला माणूस मला म्हणतो, “वहिनी, टिप गेली. बाकी बोट जाग्यावर हाय.” शांता हसता हसता रडायला लागली. त्या दोघांकडं मला बघवेना, म्हणून मी उगाच कंपाउंडरशी भांडून आले.

त्यानंतर भावजी कुणाचाही दोर दिसला की मुठीतून सगळा सरकवून बघायचे. पोहऱ्याचा, दाव्याचा, दुसऱ्याच्या घरच्या पाळण्याचासुद्धा. लोक हसायचे. भाकरीचं मधलं मात्र त्यांनी कधीच खाल्लं नाही. एका दिवसात माणूस कितीसा बदलणार? विहिरीला थोडं पाणी लागलं, सोसायटी पुढं भांडणात मोडली, चेअरमन मांजरसुंब्याला ढाबा टाकून बसला. शांता गेली, आणि दोन उन्हाळ्यांनी भावजी गेले. आता घरात मराठीच बोलतात. जरा सुनं वाटतं.

शांताला मुलगी झाली होती. ती आता शाळेत शिकवते, सुट्टीच्या दिवशी येऊन माझं डोकं धुऊन देते. त्या विहिरीतून तिची आई जिवंत वर आली, पोटातली ती आली, आणि मी आले.