वहाळाकाठचा करंज

राब भाजण्यासाठी, म्हणजे भाताची रोपं करायची जमीन पाला जाळून भाजण्यासाठी, झाडांच्या फांद्या तोडायचे दिवस आले की आमच्या पोलादपूरकडच्या वाडीत एक नियम असे. वाडीखालून वाहणाऱ्या वहाळाच्या काठच्या झाडांना कोयता लावायचा नाही. फांद्या डोंगरावरूनच आणायच्या, चढ कितीही असो.

दहा वर्षांची असताना मी तो मोडला. चढायचा कंटाळा आला, म्हणून काठावरचा करंज छाटला आणि भारा घेऊन सगळ्यांच्या आधी घरी पोचले. वडिलांनी पानं पाहिली.

"डोंगरावर करंज कधीपासून व्हायला लागला गो?"

पावसाच्या तोंडावर त्यांनी निरगुडीच्या काड्यांची मोळी माझ्या हातात दिली आणि रुजाव्यात म्हणून त्या साऱ्या काठावर खोचायला लावल्या. दुपारपर्यंत माझी पाठ मोडली. धाकटा भाऊ पाण्यात बसून खेकडे धरत होता आणि तिथूनच सांगत होता, "ताई, ती वाकडी लागली."

आता वडील नाहीत. मी महाडला शाळेत शिकवते, भाऊ मुंबईला असतो. वहाळाला लागून आमचं एक भातखाचर आहे. घरचा तांदूळ त्यातलाच. गेल्या मे महिन्यात भाऊ आला तो जेसीबी ठरवूनच. काही वर्षांपूर्वीचा मोठा पूर पाहिल्यापासून इकडे पाण्याची धास्ती आहे. मग लोक काठाची झाडं काढून वहाळ सरळ करून घेतात. आदल्या वर्षी वरच्या अंगाच्या शेजाऱ्याने तसंच केलं होतं. त्याच पावसात त्याचं अर्धं खाचर वाहून गेलं.

"झुडपं पाणी अडवतात, ताई. काढली की सरळ निघून जाईल."

"शेजाऱ्याचं गेलं ना सरळ. जमीन घेऊन गेलं."

"शाळेत पोरांना असंच बोलतेस?"

"पोरं ऐकतात तरी."

त्याला काठावर नेलं. मी छाटला होता तिथून करंजाला तीन खोडं फुटली आहेत. मुळं काठात खोल गेलेली, माती घट्ट धरून. भावाने बूट काढले, पाण्यात उतरला आणि जुन्या सवयीने मुळांखालच्या बिळात हात घातला. खेकड्याने बोट धरलं. त्याने हिंदीत शिवी हासडली. मी बराच वेळ हसत होते.

बोट चोखत तो दगडावर बसला. "तुझी निरगुडी कुठली?"

"वाकडी आहे ती."

जेसीबी आला तेव्हा भाऊच त्याच्यापुढे उभा राहिला. रस्त्याखालच्या मोरीत अडकलेले दगड आणि प्लास्टिक तेवढं काढून घेतलं. "काठाला हात लावू नको रे," असं त्याने ड्रायव्हरला दोनदा बजावलं.

जुलैत एका रविवारी मी वाडीवर होते. पाऊस कोसळत होता, पाणी निरगुडीच्या शेंड्यांपर्यंत चढलं होतं. भावाचा फोन आला. मुंबईत राहून तो आमची बोली विसरला, असं मला वाटत होतं.

"काठ हाय का गो?"

छत्री घेऊन बघून आले. "हाय."

"नि खाचर?"

"तेपण हाय. लावणी उभी हाय."